डिझेल जीपमध्ये इथेनॉल

चेलाडी फाट्यावर परवा एका वडाप जीपच्या मालकानं अडवलं. "सर, इंजिन ठोकतंय. त्या इथेनॉलनं वाट लावली." जीप डिझेलची! इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, हे त्याच्या गावीही नव्हतं, आणि शेजारचे चौघे माना डोलवत होते. हल्ली वायपर अडकला तरी दोष ई-२० चा.

मी ई-२० चा भाट नाही, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्यानं खराब होऊ शकतात. ॲव्हरेजही पडतं, नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट लिहून ठेवली आहे. त्यावर खुशाल भांडा. पण पेट्रोल इंजिनचा ठोका म्हणजे प्लगची ज्योत पोचायच्या आत उरलेलं मिश्रण आपोआप भडकणं. ते रोखायची इंधनाची ताकद ऑक्टेनमध्ये मोजतात. साध्या पेट्रोलचं ९१, ई-२० चं ९५. ज्या एका गुन्ह्यात हा आरोपी निर्दोष, नेमक्या त्यातच लोकांनी त्याला धरलंय.

याच आठवड्यात एका गुरुजींची जुनी पेट्रोल गाडीही 'ठोकत' होती. खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. गिअर खाली टाकला, इंजिनवरचा ताण हलका झाला, आवाज गायब. हा खरा नॉक. पिस्टनच्या डोक्यावर साचलेला कार्बन, पुढे गेलेलं टायमिंग, चुकीचे प्लग, तापणारं इंजिन, यांतलंच काहीतरी. गुरुजींचं टायमिंग निघालं. अर्ध्या तासाचं काम.

जीपचं उलट. वेल्ह्याच्या रस्त्याला गिअर खाली टाकला तर आवाज जाईना. रेस वाढेल तसा ठोकाही जलद. आवाज जड, खालून येणारा. इंजिन तापल्यावर आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकायचा. फिटरनं चालू इंजिनवर नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून सैल केले (कॉमन रेल गाडीत हा उद्योग चुकूनही करू नका, तिथलं प्रेशर हातातून आरपार जाईल). तीन नंबरला ठोका जवळजवळ बसला. दोष त्याच सिलिंडरचा, पण नोझलचा की बेअरिंगचा? त्यानं तिसरं नोझल पहिल्यात आणि पहिलं तिसऱ्यात टाकलं. ठोका पहिल्यात गेला असता तर नोझल. तो तीन नंबरलाच राहिला. कनेक्टिंगचं बेअरिंग गेलेलं.

आता माझं जुनं दुखणं. ही जीप दोन वर्षांपूर्वी जुनीच घेतलेली, आणि तेव्हा म्हणे आवाज 'एकदम स्मूथ' होता. असणारच! जाड ऑइल आणि वर एखादी जादूची बाटली ओतली की महिनाभर ठोका झाकतो. विकायला आलेल्या दर दुसऱ्या जीपमध्ये हेच असतं, असं माझं मत आहे. पुरावा मागू नका, मला नाही वाटत त्याची गरज.

ऑइल सोडलं तेव्हा तळाशी पितळी चमकी होती. क्रँकवर ओरखडे आहेत, पण घासून पुढच्या साइजचं बेअरिंग बसेल एवढं माप अजून शिल्लक आहे. सीझन उरकेपर्यंत मालकानं तशीच हाणली असती, तर क्रँकही गेला असता.