भस्म धुतलं, जात राहिली

मार्गशीर्ष पौर्णिमेला शहादा तालुक्यात, तापीकाठी, सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार तर देशभर गाजलेला. बाजाराशी आपलं भांडण नाही. ज्याला घोडा घ्यायचाय त्यानं खुशाल घ्यावा. भांडण आहे ते यात्रेबरोबर फुकट वाटल्या जाणाऱ्या अध्यात्माशी. दत्ताला जात नाही, त्याच्यापुढं सगळे सारखे, असं आता आपल्याच वस्तीतली शिकलेली पोरं सांगू लागलीत. दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री म्हणजे चार वेद, हेही त्यांना पाठ झालंय.

ठीक आहे. मग दत्तजयंतीच्या आधी सात दिवस भाविक जी पोथी वाचतात, तीच उघडू या. सरस्वती गंगाधराचं गुरुचरित्र, अध्याय 26 ते 28. दोन ब्राह्मण वेदांचा तोरा मिरवत गाणगापुरात येतात. त्यांची जिरवायला नृसिंहसरस्वती रस्त्यानं जाणाऱ्या एका पतिताला बोलावतात. जमिनीवर सात रेघा काढल्या जातात. एकेक रेघ ओलांडली की त्याला मागचा एकेक जन्म आठवतो. अंगाला भस्म लागतं आणि हा गावकुसाबाहेरचा माणूस वेद बोलू लागतो!

मग? मग त्याला मागल्या जन्माच्या पापांचा हिशेब ऐकवतात. कुठल्या पापाला कुठली जात, सगळं रीतसर. शेवटी त्याच्या अंगावर पाणी ओतायला लावतात. भस्म गेलं, ज्ञान गेलं. माणूस बायकापोरांसकट पुन्हा होता तिथंच. भक्त म्हणतील, ब्राह्मणांनाही शाप दिला की! दिला. पण त्यांची सुटका बारा वर्षांनी. याची या जन्मात नाहीच.

म्हणजे कुत्रं वेद असू शकतं. माणसानं वेद म्हटले की त्याला धुऊन काढायचं. हे यांचं अध्यात्म!

आपल्याला दुसरं पाणी माहीत आहे. 20 मार्च 1927 ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली. त्या पाण्यानं काही पुसलं नाही. माणूसपण लिहून दिलं.

मग गरिबानं भक्ती करूच नये का, असं विचारणाऱ्यानं शेजारच्या तळोद्याकडं बघावं. मोरवडच्या गुलाम महाराजांनी, एका भिल्ल माणसानं, 1937-38 च्या सुमारास आरती सुरू केली. दारू सोडा, एकमेकांना 'आप' म्हणा. बस्स. ज्याला सावकार जन्मभर अरेतुरे करत आला, तो 'आप' झाला. पुढं अंबरसिंग महाराज याच मुलखात आदिवासी शेतमजुरांत उभे राहिले. 1972 ला शहाद्यात श्रमिक संघटना झाली आणि प्रश्न थेट जमिनीचा, मजुरीचा निघाला. या आरतीनं माणसाची मान वर केली. पोथीनं त्याची मान पुन्हा खाली दाबली.

दोस्तहो, यात्रेला जायचं तर जा. पण उत्सवाचा आध्यात्मिक अर्थ बुवाला विचारू नका. यात्रा उठल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गाव तुम्हाला काय म्हणून हाक मारतं, ते ऐका. तोच त्याचा अर्थ.