खरं की खोटं, हे तिलाच का विचारता?



सात सेकंदांची चित्रफीत. रस्त्याकडेच्या झाडाखाली एक मुलगी आणि एक मुलगा उभे आहेत. ती पुढे होते, त्याच्या गळ्यात पडते, दोघं हसतात. संपलं. एवढ्यावरून धारूर तालुक्यातल्या एका गावातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं कॉलेज बंद झालं. मुलगा दुसऱ्या जातीचा, हे वेगळं सांगायला नको.

आईबाप तेव्हा कर्नाटकात ऊसतोडीला गेलेले. दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडची गावं रिकामी होतात. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि वयात आलेल्या पोरी, ज्यांच्या काळजीनं आईबापाला फडावरही झोप लागत नाही. ती चित्रफीत आधी मुकादमाच्या मोबाइलवर पोचली आणि चार माणसांदेखत बापाला दाखवली गेली. त्याच संध्याकाळी आजीला फोन आला. पोरीला घराबाहेर सोडू नका, स्थळ बघा.

मला बोलावलं ते तिच्या मावशीनं. "ताई, तुमी शिकलेल्या. ह्ये खरं हाय का खोटं, तेवढं बघून सांगा."

एम.एस.डब्ल्यू. करताना असलं काही मला कुणी शिकवलं नव्हतं. पण गेल्या दोन-तीन वर्षांत शिबिरांच्या निमित्तानं थोडं वाचलं, थोडं पाहिलं. ओसरीवर बसून आम्ही ती फीत थांबवत थांबवत पाहू लागलो. गळ्यात पडताना तिचा डावा हात मुलाच्या पाठीमागं जातो. जाताना मनगटात चार बांगड्या, बाहेर येतो तेव्हा दोन. तिची ओढणी त्याच्या शर्टात अशी विरघळते की कुठलं कापड कुणाचं तेच कळत नाही. मागं दुकानाची पाटी आहे, लांबून मराठी वाटते. थांबवून पाहिलं तर एकही अक्षर वाचता येईना, नुसत्या वेलांट्या आणि रेघा. आणि अंग एवढं हलतंय, पण तिच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यापासून शेवटपर्यंत जसंच्या तसं. ते हसू पाहूनच मुलगी एकदम म्हणाली, "ताई, ह्यो फोटो गॅदरिंगचा हाय." मैत्रिणींबरोबर काढलेला फोटो. त्यातून तिला कापून घेतलं होतं, मुलाचा फोटो आणखी कुठून तरी उचलला होता. दोन फोटो दिले की त्या दोन माणसांना मिठी मारायला लावणारी ॲप आता कुणाच्याही मोबाइलवर मिळतात.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? परीक्षेत गणित सुटावं तसा. मी चुलत्याला बोलावून बांगड्या मोजून दाखवल्या. त्यानं नीट पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "बांगड्या चुकल्या असतील, ताई. पण ती त्याला भेटतच नाही, हे कशावरून?"

त्या ओसरीवर मी काय करत होते, ते मला तेव्हा कळलं. सीतेला आगीतून चालायला लावणाऱ्यांसाठी मी लाकडं मोजून देत होते. चार बांगड्यांच्या दोन झाल्या म्हणून पोरगी निर्दोष. मग चारच्या चार राहिल्या असत्या तर? एकोणीस वर्षांची मुलगी, मतदार यादीत नाव असलेली. तिनं खरोखर एखाद्या मुलाला मिठी मारली असती तर कोणत्या कायद्यानं तो गुन्हा झाला असता? हा प्रश्न मी त्या दिवशी चुलत्याला विचारला नाही. तो आज इथं विचारते आहे, उशिरा.

याचा अर्थ बघायला शिकू नका, असा नाही. शिकायलाच हवं, आणि आपल्या बायका ते फार लवकर शिकतात. मध्यंतरी एक फीत सगळीकडं फिरत होती. ऊसतोड कामगार बाई, कडेवर लेकरू, डोक्यावर उसाची मोळी, मागं करुण संगीत. शहरातल्या लोकांनी खाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग लावली होती. मी ती आमच्या बचतगटात दाखवली. एक आक्का तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. "आगं, ही कोयता आसा धरती व्हय? बोटं जातील की!" दुसरी म्हणाली, "मोळी कापसाची हाय जणू. मान बघा की तिची, जरा बी दबंना." तिसरीनं दाखवलं की बाई चालते आहे, पण पाचट तिच्या पायाखाली हलत नाही. मी स्वतः त्यात फक्त कडेवरच्या लेकराची बोटं मोजत बसले होते. जिनं आयुष्यभर मोळ्या वाहिल्या, तिच्या मानेला खरं वजन माहीत असतं. भाकरी थापणारीला पीठ कळतं, नऊवार नेसणारीला काष्टा कळतो. यंत्रानं हजारो फोटो पाहिले असतील, पण त्यानं कधी ओझं उचललेलं नाही.

चेहरा बदलण्याचा प्रकार वेगळा. त्यात देह खऱ्याच बाईचा असतो, तोंड दुसरीचं बसवलेलं असतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदाना या अभिनेत्रीची लिफ्टमध्ये शिरतानाची फीत गाजली, ती अशीच. देह एका ब्रिटिश-भारतीय तरुणीचा होता. फीत हळू चालवली तर अगदी सुरुवातीला तिचा मूळ चेहरा दिसतो आणि पुढच्या क्षणी तो बदलतो. त्याच महिन्यात काजोलच्या नावानं कपडे बदलतानाची फीत फिरली, तिच्यातही मूळ बाईचा चेहरा मध्येच क्षणभर डोकावत होता. म्हणून पहिले आणि शेवटचे क्षण बघा. मान पूर्ण वळते तेव्हा बघा, तोंडासमोरून हात जातो तेव्हा बघा. बसवलेला चेहरा तिथं सुटतो. टिकली सरकते, चमकी नाहीशी होते, कानशिलावरचे केस कातडीत मिसळतात, मानेचा रंग तोंडाशी जुळत नाही, दातांची एकच पांढरी पट्टी होते. फीत थांबवून त्या क्षणाचं चित्र घ्या आणि गुगल लेन्सवर शोधा. पुष्कळदा मूळ फीत सापडते, आणि मूळ सापडलं की वाद संपतो.

संपायला हवा, असं म्हणू या. कारण या खुणांचं आयुष्य थोडं आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की बनावट चेहरे डोळे मिचकावत नाहीत. थोड्याच दिवसांत ते मिचकावू लागले. सहा बोटांच्या हाताला आपण हसलो, आता बोटं पाच येतात. उद्या पाटीवरची अक्षरंही वाचता येतील. शिवाय व्हॉट्सॲपवर दहा वेळा पुढं ढकललेली खरी फीतसुद्धा इतकी धुरकट होते की खोटी वाटावी, आणि मोबाइलचं सौंदर्य खुलवणारं फिल्टर खऱ्या बाईची कातडीही मेणासारखी करतं. खूण सापडली तर संशय बळावतो. नाही सापडली तर काहीच सिद्ध होत नाही. आणि ज्या पोरीच्या फितीत खूण सापडणार नाही, तिनं काय करायचं? विहीर जवळ करायची?

आता एक तुलना करून बघा. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरची एक बनावट फीत निघाली. तो एका मोबाइल खेळाची जाहिरात करतोय, आपली मुलगी त्यातून पैसे कमावते असं सांगतोय. सचिननं जाहीर केलं की हे खोटं आहे. मुंबईच्या सायबर पोलिसांत गुन्हा दाखल झाला आणि महाराष्ट्रानं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. ठेवायलाच हवा होता. त्याच्या ओठांची हालचाल मोजत कुणी बसलं नाही. "तू तसली जाहिरात केलीच नसशील कशावरून?" असं कुठल्या चुलत्यानं त्याला विचारलं नाही. धारूरच्या पोरीचा शब्द मात्र पुरत नाही, तिला बांगड्यांची साक्ष लागते. फसवणूक दोघांचीही झाली. पण पुरुषाचा चेहरा चोरीला गेला की तो चोरीचा बळी, आणि बाईचा चेहरा चोरीला गेला की तिच्या चारित्र्याची चौकशी.

यंत्र नवं आहे, रीत जुनीच आहे. १९९४ मध्ये जळगावचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा आपल्या आधीच्या पिढीतल्या कार्यकर्त्या तिथं जाऊन बसल्या होत्या. मुलींची छायाचित्रं काढायची आणि त्यांच्या जोरावर त्यांना धमकावत राहायचं, असा तो प्रकार. किती मुली साक्षीला उभ्या राहू शकल्या? उभं राहणं म्हणजे आपलं नाव सांगणं, आणि नाव सांगणं म्हणजे संपणं, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. बरेच आरोपी सुटले. जळगावची मुलगी म्हटलं की स्थळं मागं फिरायची, तिचा त्या प्रकरणाशी संबंध असो वा नसो. त्या काळी धमकवायला निदान एक खरा फोटो तरी लागायचा. आता गॅदरिंगचा फोटो पुरतो. धमकीत बळ येतं कुठून? फोटोतून नाही. ते येतं बघणाऱ्यांच्या डोळ्यांतून, म्हणजे तुमच्याआमच्या घरातून.

हे तंत्र निघालं तेव्हापासून बाईवरच चाललं आहे. अॅमस्टरडॅमच्या डीपट्रेस या संस्थेनं २०१९ मध्ये इंटरनेटवरच्या अशा १४,६७८ फिती मोजल्या. त्यांतल्या ९६ टक्के संमतीवाचून केलेल्या अश्लील फिती होत्या. निवडणुका बिघडतील, युद्धं होतील अशी भीती विद्वान घालत होते, तेव्हा बायकांची बदनामी सुरू होऊन गेली होती.

कायदा नाही, असंही नाही. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं, तोतयेगिरीनं फसवणं यांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ क आणि ६६ ड ही कलमं आहेत. बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचं ३५६ आहे. २०२१ च्या नियमांनी कृत्रिमरीत्या बदललेली प्रतिमा तक्रारीनंतर २४ तासांत काढायला सांगितलं, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीनं ती मुदत आणखी आवळली आणि यंत्रानं बनवलेल्या दृश्यांवर तसा शिक्का बंधनकारक केला. पण गावच्या गटातून भावकीच्या गटात, तिथून मुकादमाच्या मोबाइलवर जाणाऱ्या फितीला हा शिक्का कोण मारणार? १९३० या क्रमांकावर फोन करता येतो, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. तक्रारीआधी फीत पुसू नका. कुणाकडून, किती वाजता आली, त्याचं चित्र ठेवा.

आम्ही पोलिसांकडं गेलो. समोरच्या साहेबांनी फीत दोनदा पाहिली आणि पहिला प्रश्न मुलीला विचारला, "ह्या पोराला ओळखतेस का?" ती म्हणाली, "वर्गात आहे." साहेब माझ्याकडं बघून हसले, जणू प्रकरणाचा उलगडाच झाला. ही फीत पहिल्यांदा कुणी टाकली, कोणत्या क्रमांकावरून टाकली, हे आम्हीच तीन वेळा सांगितलं तेव्हा कागदावर आलं. टाकणारा मुलगा कोण, ते अख्ख्या गावाला माहीत होतं. त्याला कुणीही काही विचारलं नव्हतं. तो रोज कॉलेजला जात होता.

त्यानंतर गावात बायकांची बैठक घेतली. चुलताही दाराशी येऊन उभा राहिला. या वेळी मी बांगड्या मोजल्या नाहीत. "फीत बनवणाऱ्याचं लग्न लावायला कुणी निघालंय का?" एवढंच विचारलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आजी म्हणाली, "त्येचं बी लावा की मग. त्येला बी कोंडा घरात."

आईबाप पट्टा पडल्यावर गावी आले. स्थळ मोडलेलं नाही, पुढं ढकललंय. मुलीनं परीक्षा दिली, जातायेताना आजी सोबत असायची. तिचा मोबाइल अजून चुलत्याकडंच आहे. तो परत मागायला आम्ही येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत.