दाढीला खतपाणी

आमच्या सोसायटीत एकोणीस वर्षांचा एक मुलगा आहे. कॉमर्सला आहे, रोज भाईंदरहून लोकलने कॉलेजला जातो. म्हणजे जायचा. दिवाळीनंतर त्याने घराबाहेर पडणंच बंद केलं. आईला वाटलं प्रेमप्रकरण, वडिलांना वाटलं मोबाइल. शेवटी कारण निघालं दाढी! हनुवटीच्या डाव्या बाजूला रुपयाएवढी जागा अगदी गुळगुळीत झाली होती आणि मित्र 'चिकना' म्हणून चिडवत होते.

"सर, तुम्हीच समजवा याला," म्हणत त्याची आई त्याला माझ्याकडे घेऊन आली. मास्तर रिटायर झाला तरी लोक त्याला रिटायर होऊ देत नाहीत. असो. मुलाने पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. दाढीचं तेल, गालावर फिरवायचा बारीक सुयांचा रोलर, बायोटिनच्या गोळ्या आणि डोक्यावरच्या टकलासाठी असतं ते मिनॉक्सिडिल. चार महिन्यांचा पॉकेटमनी त्यात गेला होता. तेलाच्या बाटलीवर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'नॅचरल'.

मला राग आला तो या शब्दाचा. मंडळी, नैसर्गिक दाढी म्हणजे जी आपोआप येते ती! तिला बाटली कशाला लागते?

दाढी किती आणि कशी येणार हे मुख्यतः आनुवंशिकतेवर ठरतं. टेस्टोस्टेरॉन आणि त्यापासून शरीरात तयार होणारं डीएचटी ही संप्रेरकं केसांच्या मुळांना जागं करतात. पण मुळं त्यांना किती दाद देतात, हे वाडवडिलांकडून आलेलं असतं. म्हणून संप्रेरकं अगदी योग्य असलेल्या दोन तरुणांपैकी एकाची दाढी दाट असते आणि दुसऱ्याची विरळ. त्यात पुरुषत्वाचा काही संबंध नाही. शिवाय अनेकांची दाढी पंचविशीनंतरही भरत राहते. एकोणिसाव्या वर्षी निकाल लावायची घाई कुणाला? विकणाऱ्याला!

'रोज वस्तरा फिरव, दाट येते' हा सल्ला तर प्रत्येक सलूनमध्ये फुकट मिळतो. १९२८ साली अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर या संशोधिकेने केस मोजूनमापून दाखवलं की वस्तऱ्याने काही फरक पडत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट होतं, म्हणून तो राठ लागतो, एवढंच.

मग प्रकृतीचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. प्रथिनं आणि लोह कमी पडलं, थायरॉइड बिघडला, तर केसांवर परिणाम होतो. चांगलं जेवण आणि पुरेशी झोप हवीच. पण त्याने आहे ते टिकतं, मुळात नसलेली दाढी उगवत नाही. आणि असलेले केस अचानक गेले, तर ते शरीराने पाठवलेलं पत्र असतं. आपण ते न वाचता त्यावर तेल चोळतो.

बुलढाण्याचं उदाहरण ताजं आहे. २०२४च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, काहींना थोड्याच दिवसांत टक्कल पडलं. आधी पाण्यावर संशय घेतला गेला. विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी २०२५मध्ये स्वतः तपासण्या करून सांगितलं की रेशनच्या गव्हातलं जादा सेलेनियम याला कारण आहे. आता गंमत बघा, केसांसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत हेच सेलेनियम घातलेलं असतं! मात्रा थोडी असते, कबूल. पण आमची पोरं दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकदम गिळतात, त्याचा हिशेब कोण ठेवतो?

मी त्या मुलाला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. त्यांनी एका नजरेत सांगितलं, "ही चाई आहे." शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, त्याला चाई म्हणतात. लहान चट्टा पुष्कळदा आपोआप भरतो, नाहीतर उपचार आहेत. चाईबरोबर कधीकधी थायरॉइडचाही त्रास असतो, म्हणून रक्त तपासायचं ठरलं. पण बायोटिनचं नाव ऐकताच डॉक्टर थांबले. "आधी त्या गोळ्या बंद कर, काही दिवसांनी तपासू." कारण जास्त बायोटिनने थायरॉइडचा रिपोर्टच चुकीचा येऊ शकतो. म्हणजे औषध म्हणून घेतलेली गोळी रोगाचं निदानच बिघडवणार!

आपल्याकडे १९४५च्या औषध नियमांना 'अनुसूची जे' म्हणून एक यादी जोडलेली आहे. ज्या गोष्टी बऱ्या करण्याचा दावा औषधाने करू नये, त्यांची ही यादी. तिच्यात टक्कल आहे आणि नवे केस उगवणंही आहे. यादी कागदावर आहे, जाहिराती मोबाइलवर आहेत. मोबाइल जास्त लोक वाचतात.

मी १९७४ साली शाळेत रुजू झालो, तेव्हा माझ्या ओठावर जेमतेम लव होती. जुन्या अकरावीच्या दोन-तीन मुलांना माझ्यापेक्षा जास्त मिशा होत्या. पहिल्या दिवशी शिपायाने मला प्रार्थनेच्या रांगेत उभं राहायला सांगितलं! लाज वाटली, पण त्या लाजेवर दुकान थाटून बसलेलं कुणी नव्हतं. म्हणून ती काही दिवसांत विरली. दाढी तिशीच्या आसपास भरली, काहीही न लावता. आता ती रोज करायचा कंटाळा येतो.

परवा तो मुलगा जिन्यात भेटला. चट्ट्यावर बारीक पांढरी लव आली आहे. "सर, पांढरी आहे," म्हणाला. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले ना, पहिल्यांदा तशीच येते. आणि नाही झाली काळी, तरी माझ्या पंगतीत बस." हसला. पाठीवर कॉलेजची बॅग होती.