मोडलेली पोळी

सव्वादोन वर्षांच्या माझ्या नातवाने गेल्या रविवारी भर दुपारी, पोळी मोडली एवढ्या सबबीवर, स्वयंपाकघराच्या उंबरठ्यात अंग टाकून दिले आणि पाय आपटीत 'जोड, जोड' या एकाच शब्दाचा घोष आरंभिला. त्याच्या आईने नित्याप्रमाणे पोळीचे चार तुकडे करून ताटलीत वाढले होते. तिने तत्काळ दुसरी पोळी पुढे केली, ती त्याने नामंजूर केली. कारण जी अखंड, गरगरीत पोळी त्याच्या डोळ्यांदेखत तव्यावरून उतरली होती तीच त्याला पूर्ववत् हवी होती. तेव्हा त्याची आजी जवळ येऊन बसली, तिने ते चार तुकडे ताटलीत एकमेकांशी भिडवून मांडले, आणि कान ताटलीला लावून अत्यंत गंभीरपणे विचारले, "काय गं पोळीबाई, फार दुखलं का तुला?" रडे लगेच थांबले असे नाही, परंतु दोन हुंदक्यांच्या मध्ये थोडी फट पडली, आणि त्या फटीतून आजी म्हणाली, "ही म्हणतेय, मलम लावा." नातू उठून बसला, त्याने तुपाच्या वाटीत बोट बुडवून प्रत्येक चिरेवर तूप माखले, फुंकर घातली, आणि ती पोळी निमूटपणे खाऊन टाकली.

दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या अशा वर्तनाला आपल्याकडे 'हट्ट' हा एकच शब्द आहे, आणि तो उच्चारताक्षणीच मुलाविरुद्धचा निकाल लागून जातो. वास्तविक त्या वयात मुलाला समजते पुष्कळ आणि सांगता येते फार थोडे. तोंडी दोन-दोन शब्दांची वाक्ये, आणि अंतःकरणात वडील माणसाच्या तोलाचा क्षोभ. आवेगाला आवर घालणारा मेंदूचा कपाळामागचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. त्याची अपेक्षा आपण तिसरे वर्ष न सरलेल्या मुलाकडून करतो. मारिया माँटेसोरीबाईंनी या वयातील सुव्यवस्थेच्या ओढीविषयी फार मार्मिक लिहिले आहे: वस्तू नेहमीच्या जागी, नेहमीच्या रूपात असणे ही नुकत्याच ओळखीच्या झालेल्या जगाची मुलाला लाभलेली हमी असते. पोळी मोडली म्हणजे ती हमी मोडली. म्हणून अशा आक्रंदनाला मी बंड न समजता अर्ज समजतो. भाषा पुरत नाही म्हणून तो हातापायांनी लिहिलेला असतो.

या अर्जांची वेळही पाहण्यासारखी असते. अमेरिकेतील फ्लॉरेन्स गुडइनफ या मानसशास्त्रज्ञ विदुषीने 1931 साली लहान मुलांच्या रागावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला; त्यासाठी आयांनी घरोघर मुलाच्या प्रत्येक उद्रेकाची टिपणे ठेवली होती. बहुतेक उद्रेक पाच मिनिटांच्या आत ओसरतात, आणि जेवणाच्या अगोदर व थकव्याच्या वेळी ते अधिक होतात, असे त्या टिपणांतून निघाले. आमच्या आज्यांना हा ग्रंथ ठाऊक नव्हता, पण तिन्हीसांजेला पोर किरकिरते हे ठाऊक होते, आणि त्यावर त्यांचा इलाज म्हणजे मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढणे. दृष्टीवर माझा विश्वास नाही. तरीही त्या विधीकडे आता मी निराळ्या दृष्टीने पाहतो. दिवसभर कामात बुडालेली बाई चूल सोडून त्या पोरासमोर बसे, त्याच्याच भोवती हात ओवाळी, त्याच्याच तोंडाकडे पाही, आणि मोहऱ्या निखाऱ्यावर तडतडू लागल्या की पोर डोळे विस्फारून ऐकत राही. गुडइनफबाईंची पाच मिनिटे तेवढ्यात सरत.

आजीप्रमाणे विनोदाने रडे शमवताना मात्र एक खबरदारी घेतली पाहिजे. रडणाऱ्या मुलाच्या चेहऱ्याची नक्कल करून घरदार हसते, त्याचे छायाचित्रण करून नातलगांना धाडते, तो विनोद मला क्रूर वाटतो. त्यात मूल एकटे पडते. मूल अडखळून पडले की फरशीला चापट मारून 'हात रे' करण्याची रूढीही मला पसंत नाही, कारण दुखले की कोणाला तरी मारायचे, हा धडा त्यातून फार लवकर मिळतो. पोळीला दुखले असे म्हणणारा विनोद मुलाचे दुःख खरे मानतो आणि मुलाच्या हाती तुपाची वाटी देतो. चिऊचा घास, काऊचा घास हीदेखील याच जातीची युक्ती आहे.

याउलट बागुलबुवा, पोलीस आणि सुई टोचणारा डॉक्टर यांची भीती घालणे, किंवा चॉकलेट अथवा मोबाइल हाती देऊन रडे बंद करणे, हे दोन्ही मार्ग मला सारखेच त्याज्य वाटतात. भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी भय आणि लालूच यांना एकाच पंक्तीला बसवून दोहोंचा आजन्म विरोध केला. हा गृहस्थ पेशाने वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची चिंता करता करता माँटेसोरीबाईंच्या विचारांपाशी पोहोचला, वकिली सोडली, 1920 साली बालमंदिर काढले, आणि गुजरातेत 'मिशाळ आई' या नावाने ओळखला जाऊ लागला. आपल्या ताराबाई मोडक याच माणसाबरोबर काम करून महाराष्ट्रात परतल्या आणि 1945 पासून बोर्डीला, पुढे कोसबाडला, मुलांच्या अंगणात जाऊन बसल्या.

रडत्या मुलापुढे धीर धरणे म्हणजे शरणागती, असा अर्थ मी करीत नाही. हात शेगडीकडे गेला किंवा धाकट्या बहिणीच्या डोळ्याकडे गेला की तो तत्काळ धरावा, आणि 'नाही, मारायचं नाही' यापलीकडे भाषण करू नये.

परंतु सर्वांत कठीण प्रसंग चारचौघांत येतो, कारण तेथे आई मुलापेक्षा प्रेक्षकांना अधिक भिते, आणि हात उचलला जातो तो पुष्कळदा त्या प्रेक्षकांच्या समाधानासाठी. गेल्या वैशाखात एका कार्यालयात आमच्या नातवाने पहिल्याच 'सावधान'ला मूठभर अक्षता एकदम उधळून टाकल्या. दुसऱ्या मंगलाष्टकाला मूठ रिकामी. नव्या अक्षता दिल्या, त्या त्याने भिरकावल्या. त्याला 'माझ्या', म्हणजे जमिनीवर पडलेल्या, हव्या होत्या. त्याने सतरंजीवर लोळण घेतली. मागच्या खुर्चीवरच्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, "अगं, एक धपाटा घाल, गप्प बसेल." सूनबाईचा चेहरा लाल झाला. मग पैठणी सावरीत ती खाली बसली, मंडपाकडे पाठ केली, आणि मुलाला म्हणाली, "चल, तुझ्या कुठल्या ते शोधू या." वाजंत्री वाजली, लोक पेढे घेऊन पंगतीकडे वळले, तरी ती दोघे सतरंजीवरून एकेक तांबडा दाणा वेचीतच होती. मूठ भरली. त्या वयस्कर बाई पायांत चपला सरकवण्यासाठी वाकल्या, तेव्हा नातू उठून त्यांच्याजवळ गेला आणि सगळ्या अक्षता त्याने त्यांच्या डोक्यावर टाकल्या. त्या तशाच वाकलेल्या राहिल्या, आणि मग त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.