अहवालातला अमिबा

वाचकहो, आज थोडे आडवळणाने, म्हणजे घुबडाच्या आतड्यातून, आपल्या विषयाकडे येऊ.

उत्तर अमेरिकेतील ‘बार्ड आउल’ या रानघुबडाच्या आतड्यात संशोधकांना सार्कोसिस्टिस वर्गातील एकपेशीय परजीवीची कोष्ठे आढळली. असे परजीवी दोन यजमानांच्या आश्रयाने जगतात. शिकारी पक्ष्याच्या विष्ठेतून कोष्ठे बाहेर पडतात, उंदरासारखा लहान प्राणी ती अन्नपाण्यावाटे गिळतो, त्याच्या स्नायूंत परजीवी दडून बसतो आणि तो प्राणी पक्ष्याचे भक्ष्य झाला की चक्र पुरे होते. परंतु निरनिराळ्या जातींची कोष्ठे सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखीच दिसतात. म्हणून प्रयोगशाळेतील उंदरांत पुढची अवस्था वाढवून पाहिली गेली, जनुकांचा क्रम ज्ञात जातींशी ताडला गेला, आणि २०१७ साली ही स्वतंत्र जात सार्कोसिस्टिस स्ट्रिक्सी या नावाने नोंदली गेली.

हाच पेच माणसाच्या आतड्यातही आहे. ज्या अमिबामुळे आमांश होतो, त्याच्याशी हुबेहूब जुळणारा एक निरुपद्रवी अमिबा आहे. असे दोन जीव असावेत, हे ब्रुम्प्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२५ मध्येच सुचविले होते; ते सर्वमान्य व्हायला १९९३ साल उजाडले. कोष्ठावस्थेत दोघांत भेद करणे सूक्ष्मदर्शकाला शक्य नाही. रक्तपेशी गिळलेला, हालचाल करणारा अमिबा दिसला तर गोष्ट वेगळी. एरवी त्यासाठी प्रतिजन किंवा जनुकीय चाचणीच लागते.

तेव्हा आजोबांच्या शौचतपासणीत ‘अमिबाचे कोष्ठ आढळले’ एवढेच लिहिलेले असेल, तर मागच्या वेळच्या चिठ्ठीवर मेट्रोनिडॅझोल आणू नये. आपल्याकडे हे औषध फारच सहजपणे घेतले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने मळमळ होते, तोंडाला धातूसारखी चव येते आणि आधीच मंदावलेली भूक आणखी मंदावते. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन चालू असेल, तर त्याचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका उद्भवतो. अशा रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊच नये.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. उतारवयात शौचावाटे रक्त जाणे, वजन घटणे किंवा पोटाची सवय अचानक बदलणे, यांचे खापर अमिबावर फोडून महिनेच्या महिने गोळ्या घेत राहिल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान लांबू शकते. ही लक्षणे दिसताच तपासून घ्यावे, मग अहवालात अमिबा असो वा नसो.

नमुना कोरड्या, स्वच्छ डबीत घ्यावा, त्यात लघवी मिसळू देऊ नये आणि तो विनाविलंब प्रयोगशाळेत पोहोचवावा. हालचाल करणारा अमिबा शरीराबाहेर थोड्याच वेळात मरतो. सकाळचा नमुना दुपारी दिल्यास तो दिसण्याची शक्यता फारशी उरत नाही.