जाळे सर्वांचे, देखभाल कोणाची?

दिल्लीत करोल बागेतील कोणत्याही जुन्या गल्लीत मान वर करून पाहावे. एकाच खांबाला अनेक इंटरनेट कंपन्यांच्या काळ्या तारांची भेंडोळी लटकलेली दिसतात. प्रत्येक कंपनीची तार वेगळी आणि प्रत्येकीचा माणूस वेगळा. एकाच घरापर्यंत चार तारा जातात, वापर मात्र एकीचाच होतो. त्याच वस्तीच्या रस्त्याखाली महानगर टेलिफोन निगमच्या तांब्याच्या तारा आहेत. या तारा जनतेच्या पैशातून आणि कामगारांच्या घामातून टाकल्या गेल्या.

ज्याने जाळे उभारले त्याने ते रास्त भाड्याने प्रतिस्पर्ध्यालाही वापरू द्यावे, अशी सक्ती असावी काय? रेल्वे आणि डाक कामगारांना याचे काय, असे काही बंधू विचारतील. डाक आणि तार ही १९८५ पर्यंत एकाच खात्याची दोन अंगे होती, हे त्यांनी आठवावे. आज जो प्रश्न तारेचा आहे, तोच उद्या रुळाचा आणि टपाल थैलीचा होणार आहे.

हा प्रश्न आपल्या देशात २००४ साली ऐरणीवर आला. सरकारी कंपन्यांच्या घरापर्यंतच्या तारा खासगी कंपन्यांनाही खुल्या कराव्यात, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केली. दूरसंचार कामगारांच्या संघटनांनी तिला विरोध केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जाहीर झालेल्या ब्रॉडबँड धोरणात ही सक्ती आली नाही. कामगारांची भीती निराधार नव्हती. भाडे कमी ठरले, तर खासगी कंपनी करोल बागेतील व्यापारी तेवढा उचलणार आणि तोट्याचे खेडे सरकारी कंपनीच्या गळ्यात राहणार, हे उघड होते.

पण दार बंद ठेवून काय साधले, याचाही हिशेब मांडला पाहिजे. तारा आपल्याकडे राहिल्या, ग्राहक मात्र निघून गेले. खासगी कंपन्यांनी २०१२ पासून ४जी सेवा सुरू केली. सरकारी कंपन्यांना ४जी स्पेक्ट्रम देण्याचा निर्णय ऑक्टोबर २०१९ मध्ये झाला, आणि त्याच पॅकेजात स्वेच्छानिवृत्तीही आली. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएल आणि महानगर निगम यांचे मिळून सुमारे ९२ हजार कर्मचारी एकाच दिवशी घरी गेले. डाक बंधूंचा अनुभव वेगळा नाही. पत्रे वाहण्याचा अनन्य अधिकार १८९८च्या कायद्याने डाक खात्याला दिला होता, तरी कुरियरवाले गल्लोगल्ली आलेच. २०२३च्या कायद्यात तर तो अधिकारही उरला नाही. कागदावरची मक्तेदारी म्हणजे संरक्षण नव्हे. गुंतवणूक थांबली की मक्तेदारी आतून पोकळ होते.

दुसरीकडे, मालमत्ता पवित्र आहे असे सांगणाऱ्या खासगी कंपन्यांचे वर्तन पाहा. एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी; तरीही २००७ साली त्यांनी इंडस टॉवर्स ही सामाईक कंपनी काढून मनोरे वाटून घेतले, कारण त्यात खर्च वाचत होता. २०१६ साली जिओ बाजारात आली, तेव्हा जाळी एकमेकांना जोडून देण्यात याच तिघींनी अडथळा आणल्याचा ठपका प्राधिकरणाने ठेवला आणि एकूण ३,०५० कोटी रुपये दंडाची शिफारस केली. थोडक्यात, फायद्याचे असेल तेथे वाटणी आणि गैरसोयीचे असेल तेथे कुलूप.

मग मार्ग कोणता? रेल्वे बंधूंना तो ठाऊक आहे. २००६च्या धोरणाने खासगी कंपन्यांना कंटेनर गाड्या चालवण्याची मुभा मिळाली. वाघिणी त्यांच्या, पण रूळ, इंजिन, चालक आणि सिग्नल रेल्वेचे, आणि ओढण्याचा आकार रेल्वेला द्यावा लागतो. गँगमन रूळ राखतो म्हणूनच सर्वांच्या गाड्या धावतात. रेल्वेच्याच रेलटेल कंपनीचे ६० हजारांहून अधिक मार्ग किलोमीटरचे फायबर रुळांलगत पसरले आहे. त्यावर स्थानिक केबलचालक घराघरांत इंटरनेट पोचवतात. म्हणजे वाटणीने सार्वजनिक जाळे बुडतेच असे नाही. ते बुडते फुकटच्या वाटणीने.

म्हणून आपली भूमिका नुसत्या विरोधाची नसावी. जाळी खुली व्हावीत, पण तीन अटींवर. पहिली अट, नियम सर्वांना एकच हवा. सरकारी तांबे खुले आणि खासगी फायबर बंद, हे चालणार नाही. दुसरी, भाड्यात तार टाकण्याच्या खर्चाबरोबर ती राखणाऱ्याचा पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि सुरक्षा साधने धरलीच पाहिजेत. आज खांबावर चढणारा तरुण बहुधा कंत्राटी असतो. स्वस्त इंटरनेटची किंमत तोच मोजतो. तिसरी, वाटणीतून आलेल्या भाड्याचा ठरावीक हिस्सा तोट्याच्या गावांकडे वळवावा.

या अटी मान्य असतील, तर करोल बागेतील प्रत्येक घराला चार तारांची गरज नाही; एक चांगली तार पुरेल. आणि ती राखणारा माणूस कायम नोकरीतला असेल. वाटाघाटीच्या टेबलावर हा हिशेब आपण घेऊन गेलो नाही, तर तो दुसरा कोणी आपल्याशिवाय ठरवील.