मत गुप्त, पण बूथचा आकडा उघडा! पणदरे पट्ट्यात कार्यकर्त्यांची खरी परीक्षा

पणदरे (ता. बारामती) : २०२५ च्या नोव्हेंबरात शेजारच्या माळेगावात नगरपंचायतीच्या प्रचाराचा धुरळा उडाला होता. २ डिसेंबरला तिथं मतदान होतं. पणदऱ्यात तेव्हा मतदान नसलं, तरी कार्यकर्त्यांच्या हातात याद्या आल्या होत्या. राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका ३१ जानेवारी २०२६ पर्यंत उरका, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं. त्यामुळे जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा बार तेव्हा कधीही उडू शकत होता. पुणे झेडपीची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून कारभार प्रशासकाच्या हाती होता. साडेतीन वर्षांहून जास्त काळ गावाला हक्काचा झेडपी सदस्यच नव्हता.

निवडणूक इतकी लांबल्यामुळे इच्छुक भरपूर आणि कार्यकर्त्यांवरचा ताणही मोठा होता. पण हा ताण मतं मिळवण्याचा जेवढा होता, त्यापेक्षा जास्त आपल्या बूथचा आकडा दाखवण्याचा होता. हा आकडा नेमका कुणाला दिसतो आणि त्याची भीती कुणाला वाटते, हे मतदारानं समजून घेण्यासारखं आहे.

यादी फोडण्यापासून सुरुवात

प्रचार म्हटलं की सभा, फ्लेक्स आणि गाड्यांचे ताफे डोळ्यासमोर येतात. गावातलं खरं काम त्याच्या आधी सुरू होतं. मतदार यादी वस्तीनिहाय, आळीनिहाय फोडायची. कोण हयात आहे, कोण वारलं, कुठली मुलगी लग्न होऊन गेली, कुणाचं नाव दोन ठिकाणी आहे, हे बघायचं. मग प्रत्येक नावापुढे खूण करायची: आपला, त्यांचा आणि काठावरचा. भाजपने याच कामाला पन्नाप्रमुख असं नाव दिलं, म्हणजे यादीच्या एका पानाला एक माणूस. बाकीचे पक्षही नाव वेगळं ठेवून तेच करतात.

काठावरच्यांकडे सगळ्यात जास्त फेऱ्या होतात. त्यांच्याकडे पाहुण्यातला माणूस पाठवला जातो, भावकीतला थोरला पाठवला जातो. चाकण, पिंपरी, पुण्याला कामाला असलेल्या पोरांना फोन जातात : "मतदानाला यायचं, गाडीची काळजी करू नको." मतदानादिवशी केंद्रापासून ठरलेल्या अंतरावर टेबल लागतं, स्लिपा दिल्या जातात, आत पोलिंग एजंट बसतो. दुपारी दोनला यादीवर नजर टाकली जाते. कोण आलं नाही? मग मोटारसायकली सुटतात.

तेव्हा ही धावपळ ऐन उसाच्या हंगामात होती. गाळप सुरू झालं होतं. शेतकऱ्याचा जीव तोड कधी मिळते यात अडकला होता. सभेला माणसं जमवणं म्हणूनच अवघड झालं होतं आणि घरोघरी जाण्याला जास्त भाव आला होता.

तेच कार्यकर्ते, तीच गावं, निकाल मात्र उलटे

ही सगळी यंत्रणा मतदाराला खरंच वळवते का? बारामती तालुक्याने २०२४ आणि २०२५ मध्ये याचं उत्तर दिलेलं आहे.

७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान झालं. एका बाजूला तुतारीवर सुप्रिया सुळे, दुसऱ्या बाजूला घड्याळावर सुनेत्रा पवार. तालुक्यातले बहुतेक पदाधिकारी, कारखान्यांचे संचालक, सोसायट्यांवरची मंडळी अजित पवारांबरोबर होती. बूथवरची यंत्रणाही त्यांचीच भक्कम. निकाल लागला तेव्हा सुळे १ लाख ५८ हजार ३३३ मतांनी निवडून आल्या. खुद्द बारामती विधानसभा मतदारसंघात त्यांना ४८ हजारांच्या आसपास आघाडी होती.

साडेसहा महिन्यांनी, २० नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेचं मतदान झालं. गावं तीच, यादी जवळपास तीच, दारात येणारे चेहरेही तेच. अजित पवारांना १ लाख ८१ हजार १३२ मतं पडली, तर त्यांचे पुतणे युगेंद्र पवार यांना ८० हजार २३३. फरक १ लाख ८९९ चा. "लोकसभेला ताई, विधानसभेला दादा" ही पारावरची गोष्ट मतदारांनी मशीनवर खरी करून दाखवली.

मधल्या काळात काहीच घडलं नाही असं नाही. लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये बायकांच्या खात्यावर यायला लागले होते. शिवाय लोकसभेच्या निकालाने हादरलेले कार्यकर्ते विधानसभेला जीव तोडून फिरले, हेही खरं. तरीही इतका मोठा झोका एकट्या यंत्रणेने दिलेला नाही. कोणत्या निवडणुकीला कोणता माणूस, हा हिशेब मतदाराच्या डोक्यात आधीच पक्का होता. मे महिन्यात त्याने घरी आलेल्या कार्यकर्त्याला चहा पाजला, "हो हो" म्हटलं आणि मत दुसरीकडे दिलं.

इंदापुरात कार्यकर्त्याची फरफट याहून मोठी झाली. लोकसभेला हर्षवर्धन पाटील भाजपमध्ये होते आणि महायुती म्हणून सुनेत्रा पवारांच्या बाजूने. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी शरद पवारांच्या पक्षात प्रवेश केला आणि दत्तात्रय भरणे यांच्याविरोधात तुतारी हातात घेतली. म्हणजे मे महिन्यात घड्याळासाठी दारोदार गेलेला त्यांचा कार्यकर्ता नोव्हेंबरात त्याच दारात तुतारीसाठी उभा राहिला. भरणे १९ हजार ४१० मतांनी निवडून आले. तिसऱ्या बाजूला अपक्ष प्रवीण माने यांनी घेतलेली मतं या फरकापेक्षा जास्त होती. नेता एका रात्रीत बाजू बदलतो. मतदाराला ती बदललेली बाजू समजावून सांगताना घाम फुटतो तो गावातल्या पोराला.

कारखान्याला गणित वेगळं

तिसरी निवडणूक माळेगाव सहकारी साखर कारखान्याची. २२ जून २०२५ ला मतदान झालं. पणदरे हा या कारखान्याचा स्वतंत्र गट आहे, त्यामुळे इथं ती घरची निवडणूक होती. अजित पवारांच्या श्री नीलकंठेश्वर पॅनेलने २१ पैकी २० जागा घेतल्या. विरोधी सहकार बचाव शेतकरी पॅनेलमधून एकटे चंद्रराव तावरे निवडून आले. शरद पवार गटाच्या बळीराजा पॅनेलला खातं उघडता आलं नाही. पुढे अध्यक्षपदी स्वतः अजित पवार बसले.

कारखान्याचा मतदार म्हणजे सभासद. त्याचा प्रश्न थेट असतो : टनाला किती मिळणार, तोड वेळेवर येणार का? तिथं पक्षापेक्षा भावाची चर्चा चालते. मात्र या निकालाने आणखी एक गोष्ट घडली. आमदार, राज्याचे अर्थमंत्री, जिल्ह्याचे पालकमंत्री आणि कारखान्याचे अध्यक्ष, ही चारही पदं तेव्हा एकाच माणसाकडे आली. पणदऱ्याच्या शेतकऱ्याचं उसाचं बिल आणि गावच्या रस्त्याचा निधी, दोन्ही एकाच टेबलावरून जाऊ लागले. काम लवकर होण्यासाठी याचा फायदा आहे, असं समर्थक सांगत. दुसरी बाजू अशी की नाराजी दाखवायची झाली, तर माणूस दहा वेळा विचार करायचा.

आकड्याचं राजकारण

बूथचा आकडा इथंच महत्त्वाचा ठरतो. प्रत्येकाचं मत गुप्त असतं. कुणी कुठलं बटण दाबलं, ते कुणालाही कळत नाही. पण मशीनची मोजणी केंद्रनिहाय होते. लोकसभा-विधानसभेनंतर कोणत्या बूथवर कुणाला किती मतं पडली, याचा तक्ता जाहीर होतो. एका बूथला साधारण हजार-बाराशे मतदार. म्हणजे माणूस झाकला जातो, पण आळी, वस्ती आणि गाव उघडं पडतं.

निकालानंतर नेत्याच्या पुढ्यात तोच कागद असतो. "तुझ्या बूथवर मायनस कसा?" या प्रश्नाला उत्तर द्यायची पाळी गावच्या पदाधिकाऱ्यावर येते. त्याचं पद, त्याचं पुढचं तिकीट, गावासाठी मागितलेलं काम, सगळं त्या आकड्याला टांगलेलं असतं. दारात आलेल्या कार्यकर्त्याच्या बोलण्यात अजीजी आणि दरडावणी एकत्र का असते, त्याचं कारण हे आहे.

जुन्या काळी कागदी मतपत्रिका होत्या. दहशतीची शंका असेल तिथं मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची सोय होती. मशीन आलं आणि ती सोय गेली. मग निवडणूक आयोगाने २००८ मध्ये टोटलायझर नावाच्या यंत्राचा प्रस्ताव दिला. अनेक मशीनची बेरीज एकदम करायची, म्हणजे कुठल्या गावाने कुणाला मत दिलं ते कळणार नाही. विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात हेच सुचवलं. केंद्र सरकारने मात्र नकार दिला. कुठं कमी पडलो आणि कुठं जास्त काम करायचं, हे पक्षांना बूथच्या आकड्यावरून कळतं, असं सरकारचं म्हणणं.

बारामती तालुक्याला हा विषय नवा नाही. २०१४ च्या लोकसभेवेळी मासाळवाडीत, मतं दिली नाहीत तर पाणी बंद करू, असं बोलल्याचा आरोप अजित पवारांवर झाला होता. पवारांनी तो फेटाळला. २०२५ मध्ये माळेगावच्या सभेत त्यांनी, तुमच्या हातात मत आहे आणि माझ्या हातात निधी, तुम्ही काट मारली तर मीही काट मारणार, अशा अर्थाचं विधान केलं. ही मतदारांना धमकी आहे, अशी टीका विरोधकांनी केली. प्रचारात आश्वासनं सगळेच देतात, अशी बाजू पवारांनी मांडली.

विधान कुणाचंही असो, त्यात एक मुद्दा राहून जातो. निधी सरकारचा असतो, म्हणजे सगळ्यांच्या कराचा. विरोधात मत दिलेल्या वस्तीतली पोरंही त्याच झेडपीच्या शाळेत जातात आणि त्याच रस्त्यावरून उसाची ट्रॉली जाते. बूथ बघून निधी वाटायचा ठरला, तर ज्याने मत दिलं त्याचंही नुकसान होतं. कारण एका बूथवर सगळे एका बाजूचे कधीच नसतात.

कार्यकर्त्याचीही बाजू आहे

कार्यकर्ता हा खलनायक नाही. वर्षभर दवाखान्याला गाडी, रेशनकार्डाचं काम, डीपी जळाला की महावितरणला फोन, तोडीसाठी चिटबॉयच्या मागं लागणं, या गोष्टींना तोच धावतो. नीरा डाव्या कालव्याची पाळी लांबली की पहिल्या शिव्याही तोच खातो. निवडणुकीत त्याला मतं मागण्याचा हक्क आहे. पण मदत केली म्हणून मत विकत घेतलं, असा त्याचा अर्थ होत नाही. पाहुणचार वेगळा आणि मत वेगळं, हे मतदाराला २०२४ मध्ये कळलेलं होतं. नेत्यांना आणि पदाधिकाऱ्यांना ते कळणं बाकी आहे.

पदाधिकाऱ्यांसाठी या तीन निकालांचा अर्थ सरळ आहे. यादी, स्लिपा, गाड्या यांनी मतदानाचा टक्का वाढतो, मन वळत नाही. मन वळायचं तर कामाचं बोलावं लागेल. झेडपीच्या शाळांना शिक्षक पुरेसे आहेत का, प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर भेटतो का, वाड्यावस्त्यांचे रस्ते कधी होणार, हे झेडपीचे प्रश्न आहेत. साडेतीन वर्षं ते विचारायला सदस्यच नव्हता. दारात येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारायला हवेत.

मतदारांनी हे लक्षात ठेवा

• झेडपी-पंचायत समितीसाठी विधानसभेची १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. आपलं नाव यादीत आहे का, ते आधीच बघा. मतदानादिवशी टेबलावर भांडून उपयोग नाही.

• झेडपी-पंचायत समितीला मतं दोन द्यायची असतात. एक झेडपीच्या गटासाठी, एक पंचायत समितीच्या गणासाठी. दोन्ही एकाच पक्षाला दिली पाहिजेत, असं काही नाही.

• या निवडणुकीत मशीनला चिठ्ठीचं यंत्र, म्हणजे व्हीव्हीपॅट, नसतं. "चिठ्ठीचा फोटो काढून आण" असं कुणी म्हटलं तर तो थापा मारतोय. केंद्रात मोबाईल काढून फोटो घेणं अंगाशी येऊ शकतं.

• पक्षाने दिलेली स्लिप म्हणजे ओळखपत्र नव्हे. सोबत मतदार ओळखपत्र किंवा मान्य असलेला दुसरा पुरावा ठेवा.

• मतासाठी पैसे देणं जसा गुन्हा आहे, तसाच घेणंही गुन्हा आहे. देवाचा कोप होईल अशी भीती घालून मत मागणं हेही कायद्यात बसत नाही. कुणी भंडारा उचलायला लावला म्हणून मताचा हक्क त्याच्याकडे जात नाही.

निवडणूक आली की पणदऱ्यात पारावर, सोसायटीच्या ओट्यावर आणि चहाच्या टपरीवर आकड्यांची पैज लागते. कुठल्या बूथवर किती प्लस, किती मायनस, हे छातीठोक सांगणारे भेटतात. मे २०२४ मध्येही ते भेटले होते. त्यांचा आकडा चुकला, कारण पडद्यामागं मशीनपुढं माणूस एकटाच असतो.